हेडफोनसाठी स्वस्त डॅक: मल्टिमीटरने मोजून, कानाने ऐकून

घाईत असणाऱ्यांसाठी निकाल आधीच सांगते. डॅक म्हणजे फोन आणि तारेचा हेडफोन यांच्यामध्ये लावायची, फोनमधल्या आकड्यांचा आवाज करणारी छोटी वस्तू. हेडफोन किंवा इअरफोन साधा, ३२ ते ५० ओहमचा (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) असेल तर ॲपलचा हजाराच्या आसपास मिळणारा टाइप-सी ते ३.५ मिलिमीटरचा छोटा ॲडाप्टर पुरतो. अट एकच, तुमच्या अँड्रॉइड फोनवर त्याचा आवाज दबता कामा नये. तो दबत असेल किंवा हेडफोन जास्त ओहमचा असेल तर तीन हजारांच्या आसपासचा फिओ कंपनीचा केए११ हा डॅक घ्या. त्याहून जास्त पैसे हातात असतील तर ते डॅकवर घालू नका, हेडफोनवर घाला. हे मी का म्हणते ते पुढे सविस्तर लिहिलं आहे, कारण या विषयावर नुसतं मत देऊन भागत नाही. आमच्याकडे लोक पंधरा हजारांचा डॅक घेऊन त्याला पाचशेचा इअरफोन लावताना मी पाहिले आहेत, आणि ते पैसे वाया जाताना बघवत नाहीत.

मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटीत आहे. दिवसभर मायक्रोमीटर, डायल गेज आणि बोअर गेज हातात असतात, त्यामुळे मोजल्याशिवाय मान डोलवायची सवय नाही. घर इंदिरानगरला, दोन खोल्यांचं. सासूबाई साडेनऊला झोपतात, मुलाचा अभ्यास सुरू असतो, आणि माझी गाणं ऐकायची वेळ नेमकी त्यानंतरची. म्हणजे हेडफोनशिवाय गत्यंतर नाही. ऐकते ते मुख्यतः शास्त्रीय. तानपुरा, सावकाश आलापी, मग बंदिश. अशा संगीतात आवाज फार खालून फार वरपर्यंत जातो. सुरुवातीच्या आलापात तानपुऱ्याच्या मागे एखादी सरसर किंवा गुणगुण असली की लगेच कानाला बोचते. ढोल-ताशाच्या रेकॉर्डिंगमध्ये ती लपून गेली असती.

डॅक म्हणजे काय हे थोडक्यात. फोनमधलं गाणं आकड्यांच्या रूपात असतं. हेडफोनच्या पडद्याला हलायला विजेची लहर लागते. आकड्यांची लहर करणारं सर्किट तो डॅक, आणि त्या लहरीला हेडफोन हलवण्याइतकं बळ देणारं सर्किट म्हणजे ॲम्प्लिफायर. फोनला खोचायच्या अशा छोट्या डोंगलमध्ये दोन्ही एकाच पोटात असतात. आधी हे सगळं फोनच्या आतच असायचं. २०१६ मध्ये आयफोन ७ मधून हेडफोनचा जॅक गेला, मागोमाग बाकीच्यांनीही काढला, आणि ही वस्तू आपल्याला वेगळी विकत घ्यायची पाळी आली.

पहिला धडा एम. जी. रोडवर मिळतो. तिथल्या मोबाइल ॲक्सेसरीच्या दुकानात "टाइप-सी टू हेडफोन कन्व्हर्टर द्या" म्हटलं की दीड-दोनशे रुपयांची वस्तू पुढे येते. "ताई, सगळ्या फोनला चालतं," असं सांगतात. ते खरं नाही, पण बहुतेक वेळा दुकानदारही फसवत नसतो, त्यालाही ठाऊक नसतं. या स्वस्त कन्व्हर्टरांमध्ये दोन जाती आहेत. एका जातीत आत डॅकची चिप असते. दुसऱ्या जातीत नुसत्या तारा असतात. फोननेच आतून तयार आवाज टाइप-सीच्या पिनांवर सोडला तर तो बाहेर येतो, नाहीतर फोन ढिम्म राहतो. वरून दोन्ही सारखेच दिसतात. ओळखायची सोपी युक्ती अशी की वस्तू टाइप-सी पोर्ट असलेल्या लॅपटॉपला लावायची आणि साउंडच्या सेटिंगमध्ये बघायचं. नवीन उपकरणाचं नाव आलं तर आत डॅक आहे. काहीच आलं नाही तर नुसती तार आहे. मी एका दुकानात काउंटरवरच लॅपटॉप उघडून हे केलं. दुकानदारदादांनी मग स्वतःहून आणखी नमुने काढले आणि आम्ही दोघांनी मिळून ते वेगळे केले. मला त्यांचं फार कौतुक वाटलं. चिपवाले त्यांनी वेगळ्या डब्यात ठेवले.

शहरातल्या दुकानांबद्दल एवढंच सांगते की केए११सारख्या वस्तू एम. जी. रोडवर किंवा कॉलेज रोडवर हाताशी मिळतीलच असं नाही. ॲपलचा ॲडाप्टर शोरूमला मिळतो. बाकीचं ऑनलाइन मागवावं लागतं, आणि मागवताना भारतातल्या अधिकृत विक्रेत्याकडून, जीएसटीच्या बिलासकट मागवा. बिल नसेल तर वॉरंटीच्या वेळी कुणी दारात उभं करत नाही.

आता मोजमापाकडे येते, कारण खरी गंमत इथे आहे.

दोन डॅकची तुलना करताना लोक एक काढतात, दुसरा लावतात आणि म्हणतात, "याचा आवाज मोकळा आहे." बहुतेक वेळा तो मोकळा नसतो, थोडा मोठा असतो. अर्ध्या-एक डेसिबलचा फरक कानाला 'मोठा' म्हणून कळत नाही, 'चांगला' म्हणून कळतो. हे कानाचं जुनं आणि सिद्ध झालेलं वागणं आहे. म्हणून आवाज समान केल्याशिवाय केलेली तुलना मी मानत नाही. समान करायला महाग उपकरण लागत नाही, वायरमनकडे असतो तसला साधा मल्टिमीटर पुरतो, फक्त तो एसी व्होल्टचे दोन दशांश दाखवणारा हवा.

मी केलं ते असं. ५० हर्ट्झचा सलग सूर असलेली फाइल घेतली. ५० च का? कारण स्वस्त मल्टिमीटर घरातल्या विजेसाठी बनवलेला असतो आणि आपली वीज ५० हर्ट्झची आहे. १००० हर्ट्झवर तोच मीटर बेधडक चुकीचा आकडा दाखवू शकतो. डॅकला दोन तोंडांची वाय केबल लावली. एका तोंडात हेडफोन, दुसऱ्यात जुन्या ऑक्स वायरचं टोक. पिनचं अगदी टोक म्हणजे डावी बाजू, मधली कडी म्हणजे उजवी, मुळाशी ग्राउंड. टोक आणि मूळ यांवर मीटरच्या सळया धरायच्या, मीटर एसी व्होल्टवर. हेडफोन जोडलेला असतानाच मोजायचं, कारण भार आला की काही उपकरणांचं व्होल्टेज खाली बसतं. दोन्ही डॅक ०.२० व्होल्टवर आणून ठेवले. मग मुलाला सांगितलं की मी डोळे मिटते, तू हवा तो लाव, काय लावलंस ते कागदावर लिही, मला सांगू नकोस.

हेडफोन होता ऑडिओ-टेक्निकाचा एम४०एक्स, ३५ ओहमचा, बंद कपांचा. आवाज बाहेर जात नाही म्हणून घरात हाच चालतो. निकाल असा लागला की ॲपलचा ॲडाप्टर आणि केए११ यांत मला फरक ओळखता आला नाही. कागद आणि माझी उत्तरं जुळवली तर नुसती छापा-काट्यासारखी. तानपुऱ्याची जवारी, तबल्याच्या बायाँची घुमार, गायिकेने श्वास घेताना होणारा बारीक आवाज, सगळं दोन्हीकडे तितकंच स्पष्ट. मुलाने स्वतःही करून पाहिलं. त्याचे कान पंधरा वर्षांचे, माझ्यापेक्षा वरचे सूर त्याला जास्त ऐकू येतात. त्यालाही सांगता आलं नाही.

हे असं का होतं याला कारण आहे. सीडीचं प्रमाण ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिटचं. ४४.१ म्हणजे २२ किलोहर्ट्झपर्यंतचे सूर त्यात पुरते मावतात, आणि माणसाची धाव फार तर २० पर्यंत, चाळिशीनंतर त्याहूनही कमी. १६ बिटमध्ये सगळ्यांत बारीक आणि सगळ्यांत मोठ्या आवाजातलं अंतर ९६ डेसिबल भरतं. रात्री इंदिरानगरात पंखा सुरू असताना एवढं अंतर ऐकायला मिळतच नाही. आजची हजार रुपयांची बरी चिप हे काम निमूटपणे पार पाडते. म्हणून खोक्यावर ३८४ किलोहर्ट्झ, ३२ बिट असं मोठ्या अक्षरांत छापलेलं असलं तरी मी त्यासाठी एक रुपया जास्त देणार नाही. ॲपलचा ॲडाप्टर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटपर्यंतच जातो आणि तेवढ्यात तो कुठेही कमी पडत नाही.

चिपच्या नावाचंही तेच. केए११मध्ये सिरस लॉजिकची सीएस४३१३१ आहे. लोक या चिपचा आवाज असा, त्या चिपचा तसा, यावर तासन्‌तास बोलतात. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमधल्या नोबेओका इथे एकेएम कंपनीच्या चिप कारखान्याला मोठी आग लागली. जगभर त्यांच्या डॅक चिपांचा तुटवडा झाला, आणि बऱ्याच उत्पादकांनी आपल्या डॅकमध्ये दुसऱ्या कंपन्यांच्या चिपा बसवून विक्री चालू ठेवली. चिपभोवतीचं सर्किट, वीजपुरवठा, मांडणी नीट असली की डॅक नीट वाजतो. आमच्याकडे ड्रॉइंगवर टॉलरन्स असतो, मशीनचं नाव नसतं. मापात बसला की पार्ट पास.

मग फरक कुठे पडतो? बळात पडतो.

आमच्या विभागात एक ज्येष्ठ सहकारी आहेत, आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. त्यांच्याकडे सेनहायझरचा एचडी ६०० आहे. १९९७ पासून बाजारात असलेला, ३०० ओहमचा हेडफोन. काकांनी तो एका रविवारी मला दिला. ॲपलचा ॲडाप्टर, निदान अमेरिकेसाठीचा, जास्तीत जास्त १ व्होल्ट देतो. युरोपसाठी विकतात तो निम्माच, अर्धा व्होल्ट, तेव्हा घेताना मॉडेल नंबर पाहून घ्या, अमेरिकेचा ए२०४९. आता गणित करा. व्होल्टचा वर्ग भागिले ओहम. १ व्होल्टला माझ्या ३५ ओहमच्या हेडफोनमध्ये सुमारे २९ मिलिवॅट जातात, काकांच्या ३०० ओहमच्या हेडफोनमध्ये जेमतेम ३.३. केए११ ३२ ओहमला २०० मिलिवॅट देतो असं कंपनी सांगते, म्हणजे सुमारे अडीच व्होल्ट झाले. १ वरून अडीच म्हणजे ८ डेसिबलची जास्तीची जागा.

ही ८ डेसिबलची जागा मला प्रत्यक्ष ऐकू आली. हल्लीच्या चित्रपटगीतांचं रेकॉर्डिंग आधीच कमाल पातळीला नेलेलं असतं, तिथे काकांचा हेडफोन ॲपलवरही छान वाजला. पण एका मैफिलीचं रेकॉर्डिंग लावलं, आवाज मुद्दाम खाली ठेवलेलं, म्हणजे तानांना आणि तबल्याच्या थापांना वर जागा राहावी म्हणून. तिथे ॲपलवर आवाज शेवटच्या पायरीपर्यंत नेला तरी विलंबित आलापी लांबून आल्यासारखी वाटत होती. केए११वर तीच आलापी नीट अंगावर आली आणि वर अजून जागा शिल्लक होती. हेडफोन ८० ओहमच्या पुढचा असेल आणि ऐकणं शास्त्रीय असेल तर मी केए११च घ्यायला सांगेन.

दुसरी गोष्ट आउटपुट इम्पीडन्सची. जॅकच्या आत स्वतःचा जो अडथळा असतो तो. हा हेडफोनच्या ओहमच्या आठव्या भागाहून कमी असावा, असा सर्वमान्य ठोकताळा आहे. जास्त असला तर हेडफोनचा तोलच बदलतो, काही सूर फुगतात, काही बसतात, विशेषतः एकाहून जास्त ड्रायव्हर (आवाज काढणारे भाग) असलेल्या इअरफोनमध्ये. हेही त्याच मल्टिमीटरने मोजता येतं. आधी काहीही न जोडता व्होल्टेज बघा, मग ३३ ओहमचा रेझिस्टर लावून बघा. आमच्या घरातल्या जुन्या डेस्कटॉपच्या पुढच्या जॅकवर मोकळं असताना ०.३० व्होल्ट होते, रेझिस्टर लावल्यावर ०.०९. हिशेब केला तर ७७ ओहम निघाले! त्या जॅकवर चांगला इअरफोन लावणं म्हणजे त्याची पार वाट लावणं. ॲपल आणि केए११ या दोघांवरही रेझिस्टर लावल्यावर आकडा जेमतेम हलला. ज्यांचा जुना कॉम्प्युटर असा आहे त्यांना मात्र हजार रुपयांच्या डॅकने खरोखर फरक ऐकू येईल, डोळे न मिटताही.

आता त्रासांबद्दल लिहिते, कारण रोज वापरताना ऐकण्यापेक्षा हेच जास्त भेटतात.

ॲपलच्या ॲडाप्टरचा अँड्रॉइडवरचा त्रास सगळ्यांत मोठा. डॅकच्या आत आवाजाची स्वतःची एक पातळी असते. बरेच अँड्रॉइड फोन ती खालीच अडकवून ठेवतात आणि मग फोनवर आवाज पूर्ण केला तरी पुटपुटल्यासारखं ऐकू येतं. यूएसबी ऑडिओ प्लेयर प्रो हे विकतचं ॲप डॅकशी थेट बोलतं, त्यात ही अडचण सुटते. पण ते त्यातून वाजवलेल्या गाण्यांपुरतंच, यूट्यूबला त्याचा उपयोग नाही. लॅपटॉपवर किंवा टाइप-सीच्या आयफोनवर हा प्रश्नच नाही. म्हणून अँड्रॉइडवाल्यांनी ओळखीत कुणाकडे हा ॲडाप्टर असेल तर आधी आपल्या फोनला लावून बघावा, मग पैसे मोजावेत.

दुसरा त्रास ओटीजीचा, म्हणजे फोनला यूएसबीची उपकरणं जोडू देणाऱ्या सोयीचा. काही कंपन्यांच्या फोनमध्ये ओटीजी सेटिंगमधून मुद्दाम सुरू करावं लागतं, आणि थोडा वेळ काही वाजवलं नाही की ते आपोआप बंद पडतं. डॅक लावला, आवाज नाही, म्हणून वस्तू खराब समजून परत पाठवणारे बरेच असतील. परत पाठवण्याआधी सेटिंगमध्ये ओटीजी शोधून बघा.

तिसरं, आवाजाच्या पायऱ्या. साध्या अँड्रॉइडमध्ये गाण्याच्या आवाजाला १५ पायऱ्या असतात. नाजूक इअरफोन आणि केए११सारखा दमदार डॅक ही जोडी रात्री साडेदहाला लावली की पहिली पायरी कमी आणि दुसरी जास्त, अशी अवस्था होते. केए११वर बटणं नाहीत. मूनड्रॉपच्या डॉन प्रोवर आहेत, त्याच्या पायऱ्या बारीक आहेत आणि केबलही वेगळी निघते, तुटली तर फक्त ती बदलता येते. तो थोडा महाग आहे. ज्यांचं ऐकणं मुख्यतः इअरफोनवर आणि रात्रीचं आहे त्यांनी त्याचा जरूर विचार करावा. माझ्या लेखी बटणांसाठी दिलेले ते जास्तीचे पैसे चिपसाठी दिलेल्या पैशांपेक्षा कितीतरी सार्थकी लागतात.

चौथं, गुणगुण. काका जुन्या नाशकात राहतात, तिवंधा लेनजवळ. वाड्यातल्या त्यांच्या खोलीत सॉकेटला अर्थिंग नाही. लॅपटॉप चार्जरवर असताना त्याच्या धातूच्या कडेला मनगट टेकलं की झिणझिण्या येतात आणि डॅकमधून बारीक गुणगुण ऐकू येते. चार्जर काढला की दोन्ही गायब. काकांना वाटत होतं की डॅक बदलला पाहिजे, दहा हजारांच्या पुढचा टेबलावरचा घ्यावा, फिओचा के११ त्यांनी बघूनही ठेवला होता. मी त्यांना आधी इलेक्ट्रिशियन बोलवायला लावलं. अर्थिंग झालं, गुणगुण गेली, झिणझिण्याही गेल्या. झिणझिण्या जाणं हे गाण्यापेक्षा महत्त्वाचं, घरात नातवंडं आहेत. के११ त्यांनी नंतरही घेतला नाही. एचडी ६००ला केए११ पुरतोय असं म्हणतात, आणि हेडफोनच्या झिजलेल्या गाद्या मात्र त्या पैशांतून नव्या आणल्या. गाद्या बदलल्यावरचा फरक मला पहिल्या सुरालाच कळला.

जुन्या रेकॉर्डिंगबद्दल एक शब्द. नाशिकशी जिव्हाळ्याचं नातं असलेले गायक द. वि. पलुसकर माझे अत्यंत लाडके. ते १९५५ मध्ये गेले, स्टिरिओ तबकड्या बाजारात यायच्याही आधी. त्यांचं जे ध्वनिमुद्रण आपल्यापर्यंत आलं ते मोनो आहे, त्यातलं बरंचसं तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्यांवरचं. हेडफोनमध्ये तो आवाज दोन्ही कानांच्या मधोमध, कपाळामागे उभा राहतो, सोबत सुईची खरखर. कुठलाही डॅक ती खरखर काढणार नाही आणि तबकडीवर नसलेला तानपुरा आणून देणार नाही. तिथे फायदा होतो तो चांगल्या प्रतीची फाइल शोधल्याने. एकच बंदिश यूट्यूबवर चार जणांनी चढवलेली असते आणि एकाने खरखर काढण्याच्या नादात गळ्याची धारही पुसून टाकलेली असते. चारही ऐका, सगळ्यांत कमी हात लावलेली निवडा.

ऑफिसमध्ये नेहमी विचारतात म्हणून सांगते: हेडफोन ब्लूटूथचा असेल तर फोनला डॅक लावून काहीही होत नाही. बिनतारी हेडफोनच्या आत स्वतःचा डॅक असतोच, आकड्यांची लहर तिथेच होते. बाहेरचा डॅक फक्त तारेच्या हेडफोनसाठी.

तारेवरून आठवलं, ही डोंगलं बिघडतात ती चिपमुळे नाही, पिनच्या मुळाशी तार वाकून. ॲपलची तार फार बारीक आहे. अंबडच्या बसमध्ये फोन खिशात उलटा, पिन वर येईल असा ठेवा, म्हणजे तारेला मुडप बसत नाही. केए११ची तार विणलेली आणि जाड आहे, पण तीही जोडलेलीच, वेगळी निघत नाही. फोनच्या पोर्टमध्ये खिशातला धुरळा साचून पिन सैल बसायला लागली तर फोन बंद करून लाकडी टूथपिकने हलक्या हाताने साफ करा. सुई किंवा पिन घालू नका, आतल्या संपर्कपट्ट्या वाकतात आणि मग डॅकच काय, चार्जिंगही जातं.